प्रकल्प नोंदी: ‘निकितीन’ हे आडनाव आणि ते धारण करणारी माणसे

९ जून २०२५

रशियन आडनावांच्या मराठी नामसूचीत आजपासून ‘निकितीन’ या नोंदीचे काम सुरू केले. मराठी वाचकाला निकितीन म्हटले की पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरलेला घोड्याचा व्यापारी अफनासी निकितीन आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण याच आडनावाचा एक चित्रकार पीटर द ग्रेटच्या दरबारी होता, एक कवी व्होरोनेझमध्ये सराई चालवत होता, एका अभियंत्याने मॉस्कोचा ओस्तान्किनो मनोरा उभा केला आणि एका प्रशिक्षकाने गॅरी कास्पारोव्हला घडवले. या नोंदीने यांतल्या प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र स्थान दिले पाहिजे, आणि आडनाव एक आहे एवढ्यावरून वाचकाच्या मनात तयार होणारे नाते तिथल्या तिथे खोडून काढले पाहिजे, अशी या कामामागची माझी भूमिका आहे.

आडनावाची घडण सरळ आहे. निकेतास या ग्रीक नावात विजयाचा अर्थ आहे. ते बायझंटाइन ख्रिस्ती धर्माबरोबर रशियात आले आणि तिथे ‘निकिता’ झाले. रशियन भाषेत ‘आ’ने संपणाऱ्या नावाला ‘इन’ हा प्रत्यय लागतो आणि व्यंजनाने संपणाऱ्या नावाला ‘ओव्ह’, म्हणून इव्हानचे इव्हानोव्ह आणि निकिताचे निकितीन. निकिता हे संताचे नाव असल्याने ते गावोगावी ठेवले जाई, आणि जिथे जिथे एखादा निकिता कुटुंबप्रमुख होता तिथे तिथे त्याच्या वंशजांना हे आडनाव मिळण्याची शक्यता होती. पुण्याहून निघालेली, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली अनेक घराणी जशी पुणेकर म्हणवतात, तसेच हे आहे.

नोंदीचे नियम आजच ठरवून ठेवले. प्रत्येक व्यक्तीचे नाव पितृनामासह, म्हणजे बापाच्या नावावरून बनलेल्या मधल्या नावासह द्यायचे, कारण रशियन नावांत माणूस वेगळा ओळखण्याची खरी खूण पितृनामच असते. त्यापुढे जन्म-मृत्यूची वर्षे, गाव आणि कार्यक्षेत्र. स्त्रियांच्या नावात आडनावाचे रूप ‘निकितिना’ होते, म्हणून त्यांना याच नोंदीत पण त्या रूपाने ठेवायचे. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे उपान्त्य इकार दीर्घ धरून ‘निकितीन’ हे लेखन कायम केले.

१२ जून

अफनासी निकितीनचा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा लागला, कारण काटेकोरपणे पाहिले तर त्याला आडनाव नव्हते. पंधराव्या शतकातील त्वेर या रशियन शहराचा सामान्य व्यापारी वंशपरंपरागत आडनाव लावत नसे. ‘निकितीन’ म्हणजे ‘निकिताचा मुलगा’ एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता, आणि वृत्तांतग्रंथांत, म्हणजे घटनांच्या वर्षवार नोंदींत, तो ‘त्वेरचा अफनासी’ अशा अर्थी ‘ओफोनास त्वेरितिन’ म्हणूनही येतो. सहकाऱ्यांपैकी एकांचे मत असे होते की, असे असेल तर त्याला आडनावाच्या यादीतून वगळून स्वतंत्र नोंद द्यावी. मी त्याला विरोध केला. वाचक त्याला शोधताना ‘निकितीन’ याच नावाने शोधणार, आणि ज्या नोंदीत तो सापडत नाही ती नोंद वाचकाच्या काय कामाची? शेवटी त्याला यादीत पहिले स्थान द्यायचे आणि त्याच्या नावातील ‘निकितीन’ हे पितृनाम आहे असे एका वाक्यात स्पष्ट करायचे, यावर एकमत झाले.

कालनिर्देशाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. जुन्या ग्रंथांत त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ असा दिलेला आढळतो आणि त्यातील भारतातील वास्तव्य १४६९ ते १४७२ असे धरले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संशोधकांनी त्याने नोंदवलेले सणवार, राजदूतांच्या हालचाली आणि बहमनी राज्यातील मोहिमा यांचा मेळ घालून हा काळ साधारण दोन वर्षे पुढे नेला आणि भारतातील वास्तव्य १४७१ ते १४७४ असे मांडले. मला दुसरी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते, कारण अफनासी ज्याला ‘मेलिक तुचार’ म्हणतो तो बहमनी वजीर महमूद गावान कोकणच्या मोहिमेवर होता आणि त्याने १४७२ मध्ये गोवा घेतले, हा संदर्भ प्रवासवर्णनातील उल्लेखांशी नीट जुळतो. नोंदीत दोन्ही मते द्यायची आहेत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. कोणताही कालनिर्देश स्वीकारला तरी अफनासी त्याच्या वीसहून अधिक वर्षे आधी पश्चिम किनाऱ्यावर येऊन गेला होता.

१५ जून

अफनासीच्या मार्गाचा मजकूर आज लिहिला. त्वेरहून व्होल्गा नदीतून निघालेला हा माणूस भारतात येण्यासाठी घरून निघालाच नव्हता. शिरवानच्या राजदूताच्या सोबतीने कॅस्पियनच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापार करावा एवढाच त्याचा बेत होता. अस्त्राखानजवळ तातारांनी लुटले, मालमत्ता गेली, घरी परतावे तर डोक्यावर कर्ज, म्हणून तो देर्बेंत आणि बाकू करत इराणात उतरला आणि तिथून होर्मुझला पोहोचला. होर्मुझहून तो घोडा घेऊन जहाजावर चढला, कारण भारतात घोडे निपजत नाहीत आणि तिथे त्यांना मोठी किंमत येते, हे त्याने ऐकले होते. मस्कत, गुजरात, खंबायत असे करत तो चौलला आला. इथले लोक उघड्या अंगाने व उघड्या डोक्याने वावरतात, केसांची एकच वेणी घालतात, आणि आपण जाऊ तिथे गोऱ्या माणसाचे नवल करत मागून घोळका येतो, असे त्याने लिहिले आहे.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, त्याच दिवसांत लोकांची नांगरणी आणि पेरणी, घोड्यांना खायला हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर घालून शिजवलेली खिचडी, हे वर्णन सह्याद्रीचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला जागच्या जागी पटते. नगर खडकावर वसलेले आहे, त्याला मानवी तटबंदी नाही, देवानेच त्याला कुंपण घातले आहे, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीने जाता येत नाही, असे तो लिहितो. महाराष्ट्रातील एखाद्या नगराचे परक्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेले इतके जुने वर्णन दुर्मीळ आहे. म्हणून सूचीच्या नोंदीत शोभणार नाही इतकी जागा मी जुन्नरला दिली आहे आणि ती कमी करण्याची माझी तयारी नाही.

जुन्नरचा खान असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नसून रशियाचा ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्याने अट घातली की, धर्म बदललास तर घोडाही देतो आणि हजार सोन्याची नाणीही. नाही बदललास तर घोडा जाईल आणि वर हजार नाण्यांचा दंड भरावा लागेल. विचाराला चार दिवसांची मुदत मिळाली. मुदत संपण्याच्या सुमारास खुरासानचा खोजा महंमद तिथे आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. अफनासी या सुटकेला ईश्वराचा चमत्कार म्हणतो.

पुढे बीदरला त्याने तो घोडा विकला. स्वतःचे नाव तो खोजा युसुफ खुरासानी असे सांगत असे. पण बीदरमध्ये त्याने आपल्या ओळखीच्या हिंदूंना आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे सांगितले, आणि त्यानंतर त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार आणि पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. व्यापारी म्हणून मात्र त्याची निराशा झाली: मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण रशियात नेण्याजोगा माल इथे नाही, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे.

१७ जून

परतीचा प्रवास त्याने दाभोळहून सुरू केला, म्हणजे आगमन चौलचे आणि प्रस्थान दाभोळचे. दोन्ही कोकणची बंदरे. वाऱ्याने जहाज आधी हबसाणाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, किनाऱ्याला नेले, मग होर्मुझ, इराण, त्राब्झोन आणि काळा समुद्र ओलांडून काफा, म्हणजे आजचे फिओदोसिया. त्वेरला तो पोहोचलाच नाही; स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन ग्रँड प्रिन्स तिसऱ्या इव्हानचा सचिव वसिली मामिरेव याच्या स्वाधीन केल्या आणि १४७५ या वर्षाखाली त्या वृत्तांतग्रंथात आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार निकोलाय करमझिन यांना हा मजकूर त्रोइत्स्की मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडला आणि त्यानंतरच विद्वानांचे त्याच्याकडे लक्ष गेले. कॅस्पियन, अरबी समुद्र आणि काळा समुद्र या तीन समुद्रांपलीकडचा प्रवास म्हणून हा मजकूर ओळखला जातो. त्यात रशियन वाक्यांच्या मधोमध तुर्की, फारसी आणि अरबी शब्द येतात, आणि शेवटची प्रार्थना तर बहुतांशी अरबी शब्दांत आहे. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाची धर्माविषयीची तगमग त्यातून जितकी कळते तितकी कोणत्याही टीकेतून कळत नाही.

त्वेरला व्होल्गेच्या काठी १९५५ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. चौलजवळ रेवदंड्यालाही त्याचे स्मारक आहे. या दोन्ही गोष्टी नोंदीत घेतल्या. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने घातली. मध्य हिंद महासागराच्या तळाशी सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि १५० किलोमीटर रुंद असा जो पर्वत आहे, त्याला अफनासी निकितीन सागरी पर्वत हे नाव आहे. सुमारे ४,८०० मीटर खोलीवरील समुद्रतळापासून तो सुमारे १,२०० मीटर खोलीपर्यंत वर येतो, त्याच्यावर कोबाल्टयुक्त फेरोमँगनीज (लोह व मँगनीजचे) कवच आहे, आणि गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या कवचाचा अभ्यास केलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे या भागाच्या समन्वेषणासाठी अर्ज केला, त्यामुळे वर्तमानपत्रांत हे नाव पुन्हा आले. बातमी वाचून नाव शोधणाऱ्याला या नोंदीत पर्वतही मिळाला पाहिजे.

२२ जून

दोन इव्हान.

इव्हान निकितिच निकितीन हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्रकार. पीटर द ग्रेटने रशियन कलावंतांना युरोपात शिकायला पाठवण्याचा जो उपक्रम केला त्यात इव्हान आणि त्याचा भाऊ रोमान यांना १७१६ मध्ये इटलीला धाडण्यात आले. इव्हानने फ्लोरेन्समध्ये शिक्षण घेतले आणि परतल्यावर दरबारी व्यक्तिचित्रकार म्हणून त्याचा मान मोठा होता. चान्सलर गोलोव्हकिन यांचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. मृत्युशय्येवरील पीटरचे १७२५ मधील चित्रही त्याचेच मानले जाते. सम्राज्ञी आन्ना इव्हानोव्हनाच्या काळात आर्चबिशप फेओफान प्रोकोपोविच यांच्याविरुद्धच्या निंदापत्राच्या प्रकरणात त्याला १७३२ मध्ये अटक झाली, दीर्घ कैदेनंतर चाबकाची शिक्षा मिळाली आणि सायबेरियातील तोबोल्स्कला हद्दपारी झाली. सम्राज्ञी एलिझाबेथ सत्तेवर आल्यावर त्याला माफी मिळाली, पण परतीच्या वाटेवरच तो वारला. रशियन व्यक्तिचित्रणाला जुन्या प्रतिमाचित्रांच्या चौकटीतून बाहेर काढणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते. त्याच्या पितृनामाकडे वाचकाचे लक्ष वेधायला हवे: त्याचा बाप खरोखरच निकिता होता, म्हणून निकितिच हे पितृनाम आणि निकितीन हे आडनाव या दोहोंत तेच नाव येते.

इव्हान साविच निकितीन (१८२४–१८६१) हा कवी व्होरोनेझचा. बाप मेणबत्त्यांचा व्यापारी. धंदा बुडाला, दारूचे व्यसन लागले, मुलाला धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडावे लागले आणि घर चालवण्यासाठी त्याने मालवाहू गाडीवानांची सराई चालवली. गाडीवान, शेतकरी, भिकारी, दिवाळे निघालेला छोटा दलाल, ही माणसे त्याच्या कवितेत आली ती याच सराईच्या दारातून. १८५३ मध्ये रशियाचे गुणगान करणारी त्याची कविता व्होरोनेझच्या प्रांतिक वृत्तपत्रात छापून आली आणि एका दिवसात त्याचे नाव झाले, पण मला त्याची थोरवी त्या कवितेपेक्षा त्यानंतरच्या दारिद्र्याच्या कवितांत वाटते. १८५९ मध्ये त्याने व्होरोनेझमध्ये पुस्तकांचे दुकान आणि त्याला जोडून वाचनालय उघडले. प्रांतातील शिकलेली माणसे तिथे जमू लागली. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. व्होरोनेझचाच दुसरा कवी कोल्त्सोव्ह याच्या कबरीजवळ त्याची कबर आहे, आणि १९११ मध्ये गावाने त्याचा पुतळा उभारला.

२७ जून

आज निकोलाय वसिल्येविच निकितीन (१९०७–१९७३) या अभियंत्याची नोंद लिहिली आणि ती यादीतील सर्वांत लांब नोंदींपैकी एक झाली आहे. ती तशीच राहावी असे मला वाटते, कारण त्याने उभारलेल्या इमारती जगाने पाहिल्या पण त्याचे नाव मराठीत जवळजवळ कोणी घेतलेले नाही.

त्याचा जन्म तोबोल्स्कचा, म्हणजे चित्रकार इव्हान निकितीनला जिथे हद्दपार केले होते त्याच गावचा. असा योगायोग समोर आला की दोघांत नाते जोडण्याचा मोह होतो. नोंदीत तो टाळला आहे आणि दोघांचा परस्परसंबंध नाही हे स्पष्ट लिहिले आहे. निकोलायने तोम्स्कच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९३० मध्ये पदवी घेतली. पुढे युरी कोंद्रात्युक यांच्याबरोबर त्याने क्रिमियातील आय-पेत्री पर्वतावरील प्रचंड पवनविद्युत केंद्राच्या आराखड्यावर काम केले. चंद्रावर जाण्याच्या मार्गाची गणिते मांडणारे हे तेच कोंद्रात्युक. ते केंद्र पूर्ण झाले नाही, पण उंच आणि सडपातळ काँक्रीटचा मनोरा वाऱ्याच्या दाबाखाली कसा वागतो हे त्याने तिथे सखोल अभ्यासले, आणि पुढची सारी कारकीर्द त्या ज्ञानावर उभी राहिली.

मॉस्को विद्यापीठाची १९५३ मध्ये पूर्ण झालेली, शिखरासह २४० मीटर उंचीची मुख्य इमारत, वॉर्सामधला संस्कृती आणि विज्ञान प्रासाद, मॉस्कोचे लुझ्निकी क्रीडागार, व्होल्गोग्रादला १९६७ मध्ये अनावरण झालेला मातृभूमीचा ८५ मीटरचा पुतळा, या सर्वांच्या संरचनेत त्याचा हात होता. व्होल्गोग्रादचा पुतळा शिल्पकार वुचेतिच यांचा, पण काँक्रीटच्या पोकळ अंगात ताणलेल्या पोलादी दोरांनी तो सावरण्याची रचना निकितीनची. पुतळा पायाला जोडलेला नाही, स्वतःच्या वजनाने उभा आहे.

त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९६७ मध्ये पूर्ण झालेला ओस्तान्किनोचा ५४० मीटर उंचीचा दूरदर्शन मनोरा. त्याकाळी जगात आधाराविना उभी असलेली इतकी उंच वास्तू दुसरी नव्हती. १९७५ मध्ये टोरंटोच्या सीएन टॉवरने तो विक्रम मोडला. ३८५ मीटरपर्यंत काँक्रीटची नळी, तिच्यावर पोलादी खांब, खाली दहा पायांवर टेकलेला शंकूच्या आकाराचा तळ, आणि आतून नळीला सतत दाबून धरणारे सुमारे दीडशे पोलादी दोर, अशी ही रचना आहे. इतक्या उंच वास्तूला पाया फार खोल लागेल अशी अपेक्षा असते. निकितीनने तो जेमतेम काही मीटर खोल ठेवला आणि मनोऱ्याचे वजन खालच्या भागात एकवटून त्याला स्थैर्य दिले. उलटे धरलेले कुमुदाचे फूल हे त्याच्या कल्पनेचे मूळ होते, असे सांगितले जाते. २७ ऑगस्ट २००० रोजी मनोऱ्याला आग लागली, तीन माणसांचा बळी गेला, उष्णतेने बहुतेक दोर तुटले, आणि तरीही मनोरा कोसळला नाही. त्या दिवशी निकितीनला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. नोंदीत हे वाक्य घालताना मी ते मुद्दाम साधे ठेवले. त्याच्या गणिताची पारख त्याच्या माघारी झाली हे वाचक स्वतः ओळखेल.

व्लादिमीर त्रावुश यांच्याबरोबर त्याने जपानी ग्राहकांसाठी चार किलोमीटर उंच निवासी मनोऱ्याची कल्पनाही मांडली होती. ती कागदावरच राहिली. ओस्तान्किनोसाठी त्याला १९७० मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले.

याच नावाचा लेखक निकोलाय निकोलायेविच निकितीन (१८९५–१९६३) पेत्रोग्रादच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, ‘सेरापियन बंधू’ या तरुण लेखकगटातला. पितृनामाशिवाय लिहिले तर अभियंता आणि लेखक यांची गल्लत अटळ आहे.

३ जुलै

खरोखर नात्याने बांधलेल्या निकितीनांची नोंद आज घेतली. दिमित्री, अकिम आणि प्योत्र हे तीन भाऊ, एका भूदास कुटुंबातील, रस्त्यावर फिरून वाद्यपेटी वाजवणाऱ्याचे मुलगे. त्यांच्या काळात रशियातील सर्कशी परदेशी मालकांच्या हातांत होत्या. या भावांनी १८७३ मध्ये पेन्झा इथे स्वतःची सर्कस सुरू केली आणि पुढे सरातोव्ह आणि इतर शहरांत कायमच्या इमारती उभारल्या. १९११ मध्ये मॉस्कोत बांधलेल्या त्यांच्या इमारतीत आज सटायर थिएटर आहे, आणि सरातोव्हची सर्कस आजही निकितीन बंधूंच्या नावाने चालते. १८६१ पर्यंत ज्या वर्गाला मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नव्हते, त्या वर्गातून हे भाऊ आले, ही बाब नोंदीत ठळकपणे लिहिली आहे.

१९१७ च्या पेत्रोग्रादमध्ये दोन निकितीन एकाच वेळी वावरत होते आणि वाचकाला ते एकच वाटू शकतात. अलेक्सेय माक्सिमोविच निकितीन हा मेन्शेविक, म्हणजे मवाळ समाजवादी गटातला, झारच्या पदत्यागानंतरच्या हंगामी सरकारात टपाल व तारखात्याचा आणि नंतर गृहखात्याचाही मंत्री; लेनिनच्या बोल्शेविकांनी हिवाळी राजवाडा घेतला तेव्हा त्याला तिथेच अटक झाली. बोरिस व्लादिमिरोविच निकितीन हा त्याच वर्षी पेत्रोग्रादच्या लष्करी प्रतिहेरखात्याचा प्रमुख होता. या बोरिसला बोरिस पाव्लोविच निकितीन (१९१६–१९९९) यांच्यापासूनही वेगळे ठेवायचे आहे. पत्नी लेना यांच्यासह बोरिस पाव्लोविच यांनी मॉस्कोजवळील बोल्शेवो इथे आपल्या सात मुलांना फार लहान वयापासून व्यायाम, थंडीची सवय आणि विचार करायला लावणारे खेळ देऊन वाढवले. त्यांच्या पद्धतीवर सोव्हिएत समाजात कडाक्याचे वाद झाले, पण त्यांनी तयार केलेले ठोकळ्यांचे आणि नमुन्यांचे खेळ देशाबाहेरही पोहोचले. लेना निकितिना यांचे नाव नोंदीत पतीच्या ओळीत न गुंडाळता वेगळ्या ओळीत दिले. काम दोघांचे होते.

८ जुलै

दोन अलेक्सांद्र. अलेक्सांद्र सेर्गेयेविच निकितीन (१९३५–२०२२) हा बुद्धिबळाचा प्रशिक्षक. कास्पारोव्ह लहान असल्यापासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून, तो त्याच्याबरोबर होता आणि १९८५ च्या विश्वविजेतेपदाच्या घडणीत त्याचा वाटा मोठा होता. अलेक्सांद्र कोन्स्तांतिनोविच निकितीन हा पाणबुडीदलातील माजी अधिकारी. उत्तरी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमुळे होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या धोक्याबद्दल नॉर्वेच्या बेलोना या संस्थेच्या अहवालात सहभागी झाल्याबद्दल त्याला फेब्रुवारी १९९६ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. डिसेंबर १९९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. अशा खटल्यात पूर्ण सुटका होणे रशियात विरळा होते, म्हणून निकालाचे वर्ष न चुकता द्यायचे आहे.

गायक सेर्गेय याकोव्लेविच निकितीन (जन्म १९४४) आणि त्याची पत्नी तात्याना निकितिना यांची नोंद एकत्र ठेवली, कारण गिटारवर कविता गाण्याच्या रशियन परंपरेत ही दोघे युगुल म्हणूनच ओळखली जातात. सेर्गेय मूळचा मॉस्को विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याच्याच नावाचा, पण जवळजवळ शंभर वर्षे आधीचा, सेर्गेय निकोलायेविच निकितीन (१८५१–१९०९) हा भूगर्भशास्त्रज्ञ होता.

विमानरचनाकार वसिली वसिल्येविच निकितीन याने दुहेरी पंखांचे, आणि हवेत असताना खालचे पंख आत दुमडून घेणारे, लढाऊ विमान तयार केले. त्याची चाचणी १९४० मध्ये झाली.

क्रीडापटूंसाठी थोडीच जागा लागली. लारिसा निकितिना हिने १९८९ मध्ये ब्र्यान्स्क इथे हेप्टॅथलॉनमध्ये (सात मैदानी प्रकारांच्या स्पर्धेत) ७,००७ गुण मिळवले आणि तो युरोपीय विक्रम २००७ मध्ये कॅरोलिना क्लुफ्टने मोडीपर्यंत टिकला. विवाहानंतर ती तुर्चिन्स्काया या आडनावाने ओळखली जाते, म्हणून त्या नावाखालीही निर्देश ठेवला. युरी निकितीन याने अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅम्पोलिनचे सुवर्णपदक युक्रेनसाठी जिंकले. आडनाव रशियन घडणीचे असले तरी खेळाडू युक्रेनचा आहे, आणि नोंदीत देश तोच राहील.

११ जुलै

क्रम ठरला. अफनासी आरंभी, त्यानंतर नावाच्या वर्णानुक्रमाने बाकीचे, एकाच नावाच्या व्यक्ती जन्मवर्षाच्या क्रमाने, आणि शेवटी सागरी पर्वत. सहकाऱ्यांनी अफनासीलाही वर्णानुक्रमातच ठेवण्याची सूचना केली होती. तपासले तर वर्णानुक्रमातही तोच पहिला येतो, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला. निकोलाय वसिल्येविचच्या नोंदीसोबत ओस्तान्किनोचा उभा छेद दाखवणारी आकृती जोडायची आहे आणि अफनासीच्या नोंदीला चौल, जुन्नर, बीदर व दाभोळ ही चार ठिकाणे दाखवणारा नकाशा. नकाशात त्या काळची बहमनी सीमा दाखवावी आणि आजच्या राज्यांच्या सीमा नसाव्यात, असे रेखाचित्रकाराला कळवले आहे. दोन्ही हाती आल्यावर नोंद अंतिम वाचनासाठी जाईल.